बोटांच्या खुणांवर मालकी कोणाची?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



अशा प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ते महत्त्व आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. नाहीतर आपण ओढगस्तीत दिवस काढून मुलांची फी भरली नसती. म्हणून आज मी एक निराळा विषय घेतला आहे. तो कायद्याचा आहे, पण रोज आपल्या सर्वांच्या हातात असतो.

आमच्या खालाजान सत्तरी ओलांडलेल्या आहेत. शाळा चौथीपर्यंत, आणि आता नजरही अधू झाली आहे. नातवाने त्यांना फोनवर एकच गोष्ट शिकवली: काचेवर दोन बोटे टेकवून ती एकमेकांपासून दूर नेली की अक्षर मोठे होते. गेल्या वर्षी तो फोन हातातून पडून फुटला. मुलाने दुसऱ्याच कंपनीचा, जुना पण स्वस्तातला फोन आणून दिला. खालाजाननी तो हाती घेतला, दोन बोटे टेकवली, आणि अक्षर मोठे झाले. नव्याने काही शिकावे लागले नाही. तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला की, बोटांची ही हालचाल एखाद्या कंपनीच्या मालकीची असू शकते काय? असावी काय?

प्रथम पेटंट म्हणजे काय ते पाहू. एखाद्याने नवी, सहज न सुचणारी आणि उद्योगात उपयोगी पडणारी गोष्ट शोधून काढली, तर सरकार त्याला ठराविक काळापुरती मक्तेदारी देते. आपल्याकडे हा काळ अर्ज केल्यापासून २० वर्षांचा आहे. त्या बदल्यात शोधकाने आपली युक्ती सविस्तर लिहून जगापुढे मांडावयाची असते. म्हणजे हा एक सौदा आहे: समाज आज थोडी गैरसोय सोसतो, आणि उद्या ते ज्ञान सर्वांचे होते.

जानेवारी २००७ मध्ये ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन जगापुढे ठेवला. त्यातील बोटांनी चालणाऱ्या योजनेची पेटंटे आपण घेतली आहेत, हे त्यांनी त्याच व्यासपीठावरून सांगून टाकले. पुढे एप्रिल २०११ मध्ये ॲपलने सॅमसंगवर अमेरिकेत दावा लावला. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने सुमारे १०५ कोटी डॉलर भरपाई सांगितली. खटला वरच्या न्यायालयांत जाऊन परत आला. मे २०१८ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने सुमारे ५३.९ कोटी डॉलरचा आकडा ठरविला, आणि जून २०१८ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. लक्षात घ्या, त्या ५३.९ कोटींपैकी ५३ कोटींहून अधिक रक्कम फोनच्या आकाराबद्दल व दर्शनी रूपाबद्दल होती. काम करण्याच्या पद्धतींच्या पेटंटांपोटी उरले ते सुमारे ५३ लाख.

आता शोधकाची बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन नावाचे संशोधक होते. टंकनाच्या श्रमाने त्यांचे हात दुखत. कळा न दाबता, नुसत्या स्पर्शाने काम व्हावे म्हणून त्यांनी व त्यांचे मार्गदर्शक जॉन इलायस यांनी अनेक बोटे एकदम ओळखणारा पृष्ठभाग तयार केला. त्यांनी फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी काढली आणि २००५ मध्ये ती ॲपलने विकत घेतली. अशा माणसाच्या परिश्रमाला काहीच संरक्षण नसते, तर मोठ्या कंपनीने पैसे कशाला मोजले असते? तिने ती युक्ती फुकट उचलली असती. पेटंट हे नेहमीच श्रीमंताचे हत्यार असते असे नाही. दुबळ्याची ती ढालही होऊ शकते.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्पर्शाचा पडदा काही २००७ साली जन्मला नाही. इंग्लंडात ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये एकाहून अधिक स्पर्श ओळखणारी यंत्रणा केली. मायरन क्रूगर यांनी त्याच दशकात बोटे जवळ-दूर करून पडद्यावरील आकृती बदलण्याचे प्रयोग दाखविले. कित्येकांनी विटा रचल्या, तेव्हा ही इमारत उभी राहिली.

म्हणूनच न्यायालयांचेही एकमत होत नाही. बोट सरकवून फोनचे कुलूप उघडण्याची युक्ती घ्या. निओनोड या स्वीडिश कंपनीच्या फोनवर ती आयफोनच्या आधीपासून होती. ॲपलची भर एवढीच की, बोटाबरोबर पडद्यावर एक चित्रही सरके. लंडनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ते पेटंट अवैध ठरविले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही २०१५ मध्ये तेच सांगितले. अमेरिकेत मात्र फेब्रुवारी २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी ते रद्द केले, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ते पुन्हा जिवंत केले. युक्ती एक, निर्णय दोन! जेथे विद्वान न्यायाधीशांना सीमा दिसत नाही, तेथे गल्लीतल्या लहान कारागिराने ती कशी ओळखावी?

मग उत्तर काय? माझे नम्र मत असे आहे. यंत्राला बोट समजते कसे, याचे पेटंट द्यावे. बोट हलविण्याचे देऊ नये. काचेखालची विद्युत्-योजना, पुसट स्पर्शातून खरा स्पर्श वेगळा काढण्याची विशिष्ट रीत, या गोष्टी शोध आहेत आणि त्या दुसऱ्या मार्गानेही साधता येतात. परंतु एका बोटाने पान सरकेल आणि दोन बोटांनी मोठे होईल, एवढाच भेद कोणी आपल्या नावे करू म्हणेल, तर इतरांना मार्गच उरत नाही. ॲपलच्या एका गाजलेल्या पेटंटातील मुख्य दावा जवळपास असाच होता. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने फेरतपासणीत तो प्राथमिक निर्णयाने नाकारला, हे मला योग्य वाटते.

आपल्यापैकी कित्येकांनी टंकलेखनाचा वर्ग केला असेल. इंग्रजी कळांची आजची मांडणी क्रिस्टोफर शोल्स यांच्या १८७८ च्या पेटंटात जवळजवळ तशीच दिसते. त्या काळी कॅलिग्राफसारख्या यंत्रांवर मांडणी निराळी असे. एकावर हात बसलेल्याला दुसऱ्यावर पुन्हा शिकावे लागे. पुढे मांडणी एक झाली, म्हणून आज एका यंत्रावर शिकलेली मुलगी कोणत्याही कचेरीत नोकरी करू शकते. बोटांच्या खुणा ही आता तशीच एक लिपी झाली आहे. लिपी एका घरात कोंडली, तर सर्वांत आधी ठेच लागते ती कमी शिकलेल्या माणसाला. त्याच्याजवळ पुन्हा शिकण्यास ना वेळ, ना शिकविणारा.

आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत सावध पाऊल टाकले आहे. पेटंट कायदा १९७० चा. त्याच्या कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक आज्ञावलीला पेटंट मिळत नाही; ही तरतूद २००३ पासून लागू आहे. मात्र डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शोधाचा खरा तांत्रिक परिणाम दिसत असेल, तर केवळ आज्ञावली वापरली म्हणून दार बंद करू नये. नुसत्या कल्पनेला मक्तेदारी नाही, पण खऱ्या तांत्रिक कामाला न्याय, ही वाट मला समतोल वाटते.

विद्यार्थी मित्रहो, हे सारे मी तुम्हांला का सांगितले? तुमच्यापैकी कोणी उद्या एखादे उपकरण करील. ते कौतुकाने प्रदर्शनात मांडण्यापूर्वी एकदा विचारा: याचे पेटंट घेणे आहे काय? कारण अर्जापूर्वी जगजाहीर झालेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने सहसा नवी राहत नाही. आधी तात्पुरता अर्ज करून पूर्ण तपशिलासाठी १२ महिन्यांची मुदत मिळते. व्यक्तींना शुल्क कमी आहे. शिक्षणसंस्थांना २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे. आपल्या संस्थेने याची माहिती देणारा एक शिक्षक नेमावा, अशी माझी पदाधिकाऱ्यांस विनंती आहे.

आणि पालकहो, आपले मूल उद्या शोधक झाले, तर त्याला एवढे अवश्य सांगा: तुझ्या श्रमाचे मोल घे, तो तुझा हक्क आहे. पण ज्या खुणेने एखादी आजी अक्षर वाचते, त्या खुणेवर कुंपण घालू नकोस.