संगणकाची पदवी आणि आपले दोन जिल्हे



संगणकशास्त्र शिकलेल्या मुलांना नोकरी मिळेल काय, हा प्रश्न आम्हांला या शहरात वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत मुलांपेक्षा आईबापच अधिक. कारण फी त्यांनी भरलेली असते.

चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये निघाले. २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाले. पदवीसाठी नागपूर गाठण्याची सक्ती संपली. नोकरीसाठी मात्र नागपूर, पुणे, बंगळूर हीच वाट अजून मळलेली आहे. त्या वाटेचाही भरवसा आता उणावला आहे. पूर्वी मोठ्या कंपन्या महाविद्यालयांतून मुले घाऊक उचलीत आणि काम मागाहून शिकवीत. आज साधा प्रोग्राम यंत्रच लिहून देते. जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.ने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या जागांवरची अनुभवी माणसे होती. एकदा मिळवलेली पदवी जन्मभर पुरत नाही, हा त्यातला धडा होय.

म्हणून हे शास्त्र बुडाले काय? मुळीच नाही. बुडते आहे ती नक्कलनविशी. ज्याला प्रश्न नेमका मांडता येतो आणि यंत्राने दिलेले उत्तर तपासता येते, त्याची गरज उरतेच.

आणि प्रश्न तर आपल्या दारात उभे आहेत. ताडोबाच्या जंगलात कॅमेरे वाघांची छायाचित्रे टिपतात. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. हजारो छायाचित्रांतून तो ओळखणे हे संगणकाचेच काम. वनहक्क कायदा २००६ चा; त्याखाली २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपाने स्वतः विकू लागल्या. त्यांना नकाशे हवेत, पुड्यांचा हिशेब हवा, आणि तो माडिया-गोंडी बोलणाऱ्या माणसाला समजेल असा हवा. ही भाषा बंगळूरच्या इंजिनिअरला येत नाही. आपल्या कित्येक मुलांना ती आईच्या मांडीवर मिळाली आहे.

परंतु काम आहे म्हणजे पगार आहे, असे नव्हे. ही फट खरी आहे, आणि ती झाकून आम्ही तुम्हांस खोटा धीर देणार नाही. ‘पदवी घे, पुढचे आपोआप होईल’ असे आम्हीच मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. ती आमची चूक.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : गणित पक्के करा, आणि पदवीपूर्वी कोणातरी खऱ्या माणसाच्या रोजच्या उपयोगी पडेल असे एक काम तडीस न्या. नोकरीसाठी कोणी आगाऊ पैसे मागितले, तर तिथून उठा.

आणि समोर बसलेल्या व्यापारी, डॉक्टर, संस्थाचालक मंडळींनो, तुमच्या हिशेबाचे, नोंदींचे एखादे काम गावच्या मुलाला वर्षभर, दाम मोजून, देऊन पाहा. बल्लारशहाच्या फलाटावर मुलांना पोचवायला आपण जाणारच. पण जाणाऱ्या मुलाच्या मनात, परत यायला इथे काही आहे, एवढे तरी असू द्या.