नाटकाची बातमी देणारा माणूस



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण कॉम्प्युटरचं नको." म्हणजे तीस वर्षांत माझ्याबद्दल उरलेलं सगळंच बाद झालं. मग आठवलं की कॉम्प्युटर सोडून मी एक काम केलं होतं. पगार शून्य होता आणि ते जेमतेम दीड वर्ष टिकलं. आज त्याबद्दलच बोलते.

न्यू जर्सीला असताना माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव घेत नाही. शुक्रवारी दुपारी बोलावलं आणि खोकं हातात दिलं. घरी बसून डोकं फिरायला लागलं, तेव्हा शेजारणीनं न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या नाटकमंडळीकडे नेलं. साठ खुर्च्यांचं थिएटर, ना-नफा तत्त्वावर चालणारं. मी गेले त्यांची वेबसाइट दुरुस्त करायला. तिथे सत्तरीच्या एक बाई होत्या, त्यांचं काम 'प्रेस एजंट'चं. वेबसाइट दोन आठवड्यांत झाली आणि मी त्या बाईंची मदतनीस झाले.

प्रेस एजंट म्हणजे नाटकाची बातमी वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचवणारा माणूस. आपल्याकडे आपण जाहिरात म्हणतो ती वेगळी, तिला पैसे पडतात. आपल्या दैनिकांत नाटकांच्या जाहिरातींचे रकाने असतात ना, ते विकत घेतलेले. प्रेस एजंटला जागा विकत घ्यायची नसते, मिळवायची असते. समीक्षकांना पत्र लिहायचं, पुन्हा फोन करायचा, त्यांना कडेच्या दोन खुर्च्या राखून ठेवायच्या. कडेच्याच का? तर पूर्वी परीक्षण दुसऱ्या दिवशी सकाळीच छापून यायचं. पडदा पडला की समीक्षक उठून कचेरीकडे पळत, मधल्या खुर्चीतून पळणार कसे? ब्रॉडवेवर तर शुभारंभाचा प्रयोग मुद्दाम लवकर सुरू करत, त्यांना लिहायला वेळ मिळावा म्हणून.

ना-नफा थिएटरमध्ये याला आणखी एक वेढा असतो. प्रयोग मोजके, चार-पाच आठवड्यांचे. परीक्षण येईपर्यंत निम्मे उरकलेले. तरी परीक्षण हवंच, कारण तिकिटांवर अशी थिएटरं चालत नाहीत. अनुदानाच्या अर्जाला तीच कात्रणं जोडायची असतात, देणगीदारांना तीच दाखवायची असतात. म्हणजे या वर्षीच्या परीक्षणावर पुढच्या वर्षीचं नाटक उभं राहतं. माझ्या बाई कात्रणं इस्त्री केल्यासारखी सपाट करून फायलीत लावायच्या.

त्यांच्याच तोंडून मी मर्ल डेबस्की हे नाव ऐकलं. मग त्यांच्यावरचं रॉबर्ट सायमनसन यांचं पुस्तक वाचलं. डेबस्की 1923 साली बाल्टिमोरला जन्मले आणि 2018 मध्ये, पंच्याण्णव वर्षांचे होऊन गेले. ब्रॉडवेच्या धंदेवाईक नाटकांचं काम त्यांनी केलंच, प्रेस एजंटांच्या संघटनेचे ते अनेक वर्षं अध्यक्षही होते. पण त्यांचं नाव निघतं ते जोसेफ पॅप यांच्याबरोबर.

पॅप यांचा हट्ट एकच होता: शेक्सपिअर फुकट दाखवायचा. ज्यांनी कधी थिएटरची पायरी चढली नाही त्यांना, उघड्यावर, बागेत. सुरुवातीला तिथे कोणालाच धड पैसे मिळत नसत. आता विचार करा, ज्या नाटकाला तिकीटच नाही त्याला प्रेस एजंट कशाला हवा? मलाही हेच वाटलं होतं. उत्तर 1959 साली मिळालं.

न्यूयॉर्कचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी फर्मावलं की सेंट्रल पार्कमध्ये नाटक करायचं तर तिकीट लावा, लोकांच्या पायांनी गवत मरतं, त्याचा खर्च निघाला पाहिजे. मोझेस म्हणजे साधा अधिकारी नव्हे. त्या शहराचे पूल, हमरस्ते, बागा यांच्यावर त्यांनी काही दशकं राज्य केलं, महापौरही त्यांना दबकून असत. पॅप नाही म्हणाले. त्याच्या आदल्याच वर्षी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून पॅप यांची संसदीय समितीपुढे चौकशी झाली होती, टीव्ही कंपनीतली नोकरी गेली होती आणि लवादाकडे भांडून त्यांनी ती परत मिळवली होती. मोझेस यांच्याकडून त्याच जुन्या प्रकरणाबद्दल एक निनावी पत्र फिरवलं गेलं. त्या काळात एवढं एक पत्र माणूस संपवायला पुरत असे.

अशा वेळी पॅप यांच्यामागे उभं राहून वर्तमानपत्रांशी बोलण्याची बाजू डेबस्कींनी लावून धरली. भांडण गवताचं नसून फुकट नाटक बघायला येणाऱ्या लोकांचं आहे, हे वाचकांपर्यंत पोहोचत राहिलं. जून 1959 मध्ये पॅप अपिलात जिंकले. 1962 साली त्याच पार्कमध्ये सुमारे अठराशे खुर्च्यांचं डेलाकोर्ट थिएटर उभं राहिलं. तिथला उन्हाळी शेक्सपिअर आजही फुकट असतो. मी पहाटेपासून रांगेत उभं राहून बघितला आहे. सोबत पोळीचे रोल नेले होते.

पुढे 1975 मध्ये पॅप यांच्या पब्लिक थिएटरमधून 'अ कोरस लाइन' निघालं, ब्रॉडवेवर गेलं आणि 1990 पर्यंत त्याचे 6137 प्रयोग झाले. त्या पैशांवर ती संस्था कितीतरी वर्षं तगली. इतकं चालणारं नाटक मिळालं की प्रेस एजंटला झोपा काढता येत असतील असं मी एकदा बोलून गेले. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की आपल्या गणिताच्या सरांची आठवण झाली.

माझा पराक्रमही सांगते, नाहीतर खोटं होईल. मी इंजिनिअर, हातानं एकेक पत्र लिहिणं मला मागासलेपणाचं वाटे. मी छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि एका क्षणात सगळ्या समीक्षकांना निमंत्रणं रवाना केली. प्रत्येक पत्राची सुरुवात होती, "प्रिय आडनाव". नाव भरायचं कलमच मी चुकवलं होतं. बाई रागावल्या नाहीत. वही काढली आणि दुपारभर एकेकाला फोन करून माझ्यादेखत माफी मागितली. कोणाच्या घरी आजारपण, कोणाचं नातवंड, कोणाला कुठल्या वारी जमतं, सगळं त्या वहीत होतं. संध्याकाळी एका समीक्षकाचं उत्तर आलं: "आडनाव येणार आहे, दोन खुर्च्या ठेवा." माझा प्रोग्रॅम आणि ती वही, यांतलं जास्त हुशार काय होतं हे इथे बसलेल्या इतर इंजिनिअरांनी आपापसांत ठरवावं.

ती दुपार मला आणखी एका कारणानं जड गेली. ते सांगण्यासाठीच मी खरं तर हा विषय निवडला.

दहावीच्या वर्षी आपल्या वर्गातल्या एका मुलीनं एक नाटुकलं लिहिलं होतं आणि स्वतःच बसवलं होतं. नाव घेत नाही, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ताच तिनं डोळे वटारले. माझं अक्षर बरं म्हणून सूचना लिहायचं काम माझ्याकडे होतं. दोन्ही शाळांत लावायच्या, वाचनालयात एक, आणि गावातल्या साप्ताहिकाच्या कचेरीत बातमी नेऊन द्यायची. मी सूचना लिहिल्या आणि दप्तरात ठेवल्या. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. उद्या लावू, परवा लावू करत त्या दप्तरातच राहिल्या. प्रयोगाला सभागृहात तेवीस माणसं होती, मी मोजली होती. त्यांतले निम्मे नटांचे आईवडील. ती पडद्याआडून सारखी बाहेर बघत होती. नंतर मला म्हणाली, "लोकांना आवडत नसेल गं असलं काही." मी मान डोलावली. त्यानंतर तिनं नाटक लिहिलं नाही.

न्यूयॉर्कच्या त्या खोलीत बाई फोनवर माफी मागत होत्या आणि मला ती पडद्याची फट दिसत होती. मुंबईत छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून प्रायोगिक नाटकं झाली, तिथेही पैसा नव्हता, जाहिरात परवडत नव्हती. पण कोणीतरी उठून लोकांना सांगत असणार, त्याशिवाय खुर्च्या भरत नाहीत. आपल्या शाळेत ते कोणीतरी मी होते.

त्या सूचनांपैकी एक आईनं जुन्या वह्यांबरोबर जपून ठेवली होती. आज सकाळी पोह्यांच्या टेबलावर मी ती तिच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. तिनं चष्मा लावून ती सावकाश, दोनदा वाचली.

मग म्हणाली, "वेळ चुकलीय. साडेपाच होती, तू पाच लिहिलंयस."