मोतीबिंदूनंतरची सूज
(मंडळाच्या पापनाशम येथील मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



तंजावर प्रांतात मोतीबिंदूविषयी बोलावयाचे म्हणजे प्रथम स्मरण होते ते दुसऱ्या सरफोजी महाराजांचे. १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेल्या या राजाच्या नेत्ररोग्यांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. मोतीबिंदू सुईने बाजूस सारण्याच्या शस्त्रक्रियेची हकीकतही त्यांत आहे. जे दिसले ते तेथे लिहून ठेवले गेले. आमच्या घरी मात्र ते बोललेही गेले नाही.

आमच्या मातोश्रींची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. महिनाभर त्या पोथी वाचीत होत्या. पाचव्या आठवड्यात दारापुढील कोलमची रेघ त्यांना वाकडी दिसू लागली, समोरच्याचा चेहरा पुसट झाला. डोळा लाल नव्हता, दुखतही नव्हता. ‘वय झाले’ असे समजून त्या गप्प राहिल्या. आम्ही व्यवसायाने नेत्रवैद्य. तरी तीन आठवडे आम्हांस पत्ता नव्हता!

हा विकार म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी, पीतबिंदूवर येणारी सूज. शस्त्रक्रियेनंतरच्या दाहामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून तेथे साठतो. आयर्विन यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. १९६६ साली गॅस व नॉर्टन यांनी शिरेत रंगद्रव्य टोचून घेतलेल्या छायाचित्रांत तो पाझर दाखविला. आज ओसीटी तपासणीत ही सूज काही मिनिटांत दिसते. ती बहुधा शस्त्रक्रियेनंतर चार ते बारा आठवड्यांत प्रकटते. मधुमेह्यांना तिचा धोका अधिक. बिनचूक शस्त्रक्रियेनंतरही ती येऊ शकते. म्हणून शल्यवैद्यास दोष देण्याची घाई नको, आणि नुसता चष्मा बदलून पाहणेही नको. दाह शमविणाऱ्या थेंबांनी बहुतेकांची सूज उतरते. न उतरल्यास इंजेक्शन द्यावे लागते. ती फार काळ राहिली, तर दृष्टीचा काही अंश कायमचा जाऊ शकतो.

मातोश्रींना दोन महिन्यांत गुण आला, पोथी पुन्हा उघडली. तथापि ते तीन आठवडे आम्हांस अजून बोचतात.

म्हणून विनंती एवढीच : शस्त्रक्रियेनंतर तीन महिने रोज सकाळी एकेक डोळा झाकून कोलमकडे वा दाराच्या चौकटीकडे पाहावे. सरळ रेघ वाकडी दिसली, तर त्याच दिवशी घरच्यांस सांगावे व वैद्याकडे जावे. आणि घरच्यांनी, वडीलधारी माणसे आपण होऊन सांगतील अशी वाट न पाहता, रोज विचारावे.