दोन पाद्री आणि तंजावरचे सरफोजीराजे



बाप्पांच्या मंडपात पाद्रींची गोष्ट काढली म्हणून दचकू नका. गोष्ट आपल्याच माणसांची आहे.

१७८७ साली तंजावरचे तुळजाजीराजे मृत्युशय्येवर होते. आपला दत्तक मुलगा सरफोजी, वय नऊ-दहा वर्षांचे, त्यांनी श्वार्ट्झ या जर्मन पाद्रींच्या ओटीत घातला. श्वार्ट्झ लंडनच्या एका अँग्लिकन संस्थेसाठी काम करीत. तंजावर दरबारासाठी मराठीही शिकले होते. पुढे कारभार अमरसिंहांकडे गेला आणि मुलाला कोंडून ठेवण्यात आले. ना शिक्षण, ना जिवाची शाश्वती. श्वार्ट्झनी कंपनी सरकारशी लिखापढी केली. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवले. तिथे श्वार्ट्झचे स्नेही पाद्री गेरिके यांनी त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले.

आम्ही सरकारी नोकर, आवक-जावक नोंदवहीतली माणसे. कागद फाईलीत कसा अडकतो ते रोज पाहतो. इथे मात्र कागदाने एक पोर वाचवले आणि त्याचा हक्कही मिळवून दिला.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले; त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. त्यांनी धर्म बदलला नाही. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. आणि त्याच राजाने लंडनच्या संस्थेला लिहून, फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून आपल्या पाद्रीगुरूंचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. स्वधर्मही राहिला, ऋणही फिटले.

आपल्या बडोद्याचाही यात धागा आहे. बिशप हेबर मार्च १८२५ मध्ये इथे दुसऱ्या सयाजीरावांना भेटले आणि वर्षभराने तंजावरला सरफोजींना. सरफोजींच्या वाचनाचे कौतुक त्यांनी पत्रातून केले. पुढे १८८० मध्ये तंजावरच्याच लक्ष्मीबाई तिसऱ्या सयाजीरावांच्या राणी, चिमणाबाई, होऊन आल्या. त्यांच्यासोबत तिथले नृत्य-संगीतही आले.

हे सारे आज कळते, कारण कोणीतरी पत्रे जपली. वाडीतले, राजमहाल रोडवरचे वाडे सोडून आपण वासण्याच्या फ्लॅटमध्ये आलो. माळ्यावरच्या पेटीत आजोबा-पणजोबांची मोडीतली पत्रे असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देऊ नका. मोडी जाणणाऱ्या कोणाकडून तरी एकदा वाचून घ्या, मुलांना जवळ बसवून.

गणपती बाप्पा मोरया!