‘रॅम वाढवा’ म्हणणाऱ्यांना

पिंपळगाव राजात डीटीपीवाल्यांचा आणि संगणक दुरुस्तीवाल्यांचा मेळावा भरला, तेव्हा आयोजकांनी अध्यक्षांना विषय दिला होता मराठी टंकलेखनाच्या वाटचालीचा. अध्यक्षांनी व्यासपीठाला, यजमानांना आणि खामगावहून उन्हातान्हात आलेल्या मंडळींना नमस्कार केला, खिळ्यांच्या छपाईपासून संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डापर्यंतचा प्रवास दोन वाक्यांत उरकला आणि टिपणाची घडी करून ती खिशात घातली. त्यांना बोलायचे होते ते एकाच सल्ल्याबद्दल: ‘रॅम वाढवा.’

हा सल्ला त्यांनी आयुष्यभर ऐकला. एका यंत्रासाठी लिहिलेला एडिटर दुसऱ्यावर आणून बसवायचा आणि तो तिथे रखडू लागला की खापर यंत्रावर फोडायचे, ही रीत त्यांना मुळीच मान्य नाही. बिल जॉय यांनी 1976च्या सुमारास ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला तो 300 बॉडच्या मोडेमवर. सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे. ऐंशी रकाने आणि चोवीस ओळींचा पडदा पुन्हा भरायचा तर मिनिटाहून जास्त वेळ! म्हणून त्या एडिटरने पडद्यावर बदलले तेवढेच पाठवायचे धोरण धरले. ‘नवा मोडेम घ्या’ असे त्याने कुणाला सांगितले नाही, अध्यक्ष म्हणाले, आणि मागच्या रांगेत हशा पिकला.

मग ते रायगडात शिरले. 2007 साली कर्जतजवळच्या एका वाडीतल्या शाळेत मुलांच्या हाती एक्सओ लॅपटॉप आले: 433 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, हार्ड डिस्कऐवजी 1 जीबी फ्लॅश. मेमरी भरली तर ओझे उतरवायला स्वॅपचीही सोय नाही. त्यावरचा ‘राइट’ हा एडिटर म्हणजे मुळात अबीवर्ड. शुगर या पायथॉनमध्ये लिहिलेल्या वातावरणात आणून बसवलेला. अबीवर्ड मजकूर तुकड्यांच्या तक्त्यात ठेवतो. मधेच शब्द घातला तर पुढचा सगळा मजकूर सरकवत नाही, फक्त नव्या तुकड्याची नोंद करतो. त्यामुळे साठवणीचा भार हलका. जड असते ते बाकीचे: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, जोडाक्षरे जुळवणे, ओळी पुन्हा मोडणे आणि हे सारे प्रत्येक कळीला.

यंत्रे का रखडतात, यावरच सकाळच्या सत्रात खडाजंगी झाली होती. जुन्या फॉन्टवाल्यांचे म्हणणे, युनिकोडनेच यंत्रे मंदावली. इस्की या जुन्या संकेतप्रणालीत एका चिन्हाला एक बाइट पुरायचा, यूटीएफ-8मध्ये देवनागरीला तीन लागतात. अध्यक्षांनी हिशेबच मांडला. लाख शब्दांचे पुस्तक धरा, सहा लाख चिन्हे. अबीवर्ड आत प्रत्येक चिन्हाला चार बाइट देतो असे धरले तरी चोवीस लाख बाइट, म्हणजे अडीच एमबीसुद्धा नाही. 256 एमबीत एवढ्याने गर्दी होते?

पुढचा निकाल त्यांनी अनुभवावर लावला. एका संस्थेची स्मरणिका त्यांच्या 256 एमबीच्या जुन्या यंत्रावर इतकी रखडली, की अक्षर उमटेपर्यंत ऑपरेटर चहाचा घोट घेई. ऑपरेटरने रॅमची मागणी केली. अध्यक्षांनी फाइल उघडून पाहिली, तर अख्खा मजकूर एकच परिच्छेद! पुढच्या ओळीसाठी कुणीतरी स्पेसबार दाबत गेले होते. त्यांनी जागोजागी एंटर मारले, चालू शब्दलेखन तपासणी बंद केली, आणि त्याच यंत्रावर, त्याच युनिकोडात बोटे धावू लागली. एका कळीसाठी अख्ख्या परिच्छेदाची मांडणी पुन्हा होत होती, एवढाच तो रोग. यावर युनिकोडविरोधकांतले एक गृहस्थ पुटपुटले, पण उठले नाहीत.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी नाही, हे त्यांनी जरा खवचटपणेच सांगितले. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये 35 एमबीची एक फाइल उघडली, तर सुमारे 600 एमबी मेमरी जाई. कारण त्या फाइलमधल्या 1 कोटी 37 लाख ओळींपैकी प्रत्येकीसाठी वेगळी वस्तू तयार होत होती. 2018 मध्ये कंपनीने साठवणीची रचना बदलून तुकड्यांचीच पद्धत धरली. ज्यांना यंत्रे फुकट पडतात त्यांनाही अखेर हेच करावे लागले!

शेवटी कामांची यादी आली, ती मात्र विस्कळीत होती. एखादा एडिटर आणायचा तर आधी आपल्या दुकानातल्या सर्वांत जुन्या यंत्रावर चालवून पाहावा. जोडाक्षरांनी भरलेली एक लांबलचक मराठी चाचणी-फाइल सर्वांसाठी तयार करावी. दर मिनिटाला पूर्ण फाइल फ्लॅशवर लिहिणाऱ्या ऑटोसेव्हकडेही कुणीतरी पाहावे. कुणी, हे त्यांनी सांगितले नाही. चाचणी-फाइलसाठी ती स्मरणिका देता येईल का, असे सभेतून विचारले गेले, तेव्हा संस्थेची परवानगी घेऊन पाहतो म्हणाले आणि खुर्चीवर बसले.