डिकीची मोटार मागे का पडली?



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील एखाद्या मोठ्या गावी लग्नसराईत मांडवाबाहेर उभ्या असलेल्या मोटारींवर नजर टाकली, तर एक बदल सहज ध्यानात येतो. पूर्वी या रांगेत फुलांनी सजविण्याचा मान बहुधा डिकीच्या मोटारीला मिळत असे. पुढे बोनेट, मध्ये बसावयाची जागा आणि मागे सामानाची स्वतंत्र डिकी, अशी ही तीन भागांची, बसक्या बांध्याची मोटार. तिलाच सेडान म्हणतात. आज एम. एच. १० आणि एम. एच. ११ या क्रमांकांच्या नव्या गाड्यांत उंच, उभट बांध्याच्या गाड्यांचे प्राबल्य आहे. त्यांना एस. यू. व्ही. अथवा क्रॉसओव्हर अशी नावे आहेत.

हा बदल केवळ या दोन जिल्ह्यांपुरता नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे २८ लाख, म्हणजे जवळजवळ ६५ टक्के गाड्या 'उपयुक्तता वाहन' या वर्गातील होत्या. टोयोटाची कोरोला आणि होंडाची सिव्हिक या नामांकित सेडान २०२० मध्ये भारतीय बाजारातून निघून गेल्या. मारुतीची सियाझ २०२५ मध्ये बंद झाली. कारखानदारांनी चांगल्या चालणाऱ्या गाड्या का सोडून दिल्या, आणि या बदलाचा सामान्य कुटुंबाच्या खर्चाशी व सुरक्षिततेशी काय संबंध आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

जीपचा जुना वारसा

उंच गाडी या भागाला नवी नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हापासून पंचायत समितीची जीप ही ग्रामीण जनतेच्या परिचयाची झाली. शहरात प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसडर यांचे राज्य असताना पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी तालुक्यांत, तसेच माण, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण पट्ट्यात जीपच जाऊ शकत असे. पुढे आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि १९९४ मध्ये आलेली टाटांची सुमो यांनी जीपची जागा घेतली. या सुमोचे नाव सुमंत मूळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवण्यात आले होते.

याच गाड्यांतून 'वडाप' या नावाने ओळखली जाणारी वाहतूक वाढली. एस. टी. पोहोचत नव्हती तेथे वडाप पोहोचले, हे खरे. परंतु मागच्या पायरीवर लोंबकळणारे उतारू आणि चालकाच्या दोन्ही अंगांना बसलेली माणसे हे चित्रही त्याच काळातील होय. त्यामुळे एक पिढीभर उंच गाडी म्हणजे कष्टाची, भाड्याची गाडी, आणि डिकीची मोटार म्हणजे प्रतिष्ठेची, अशीच समजूत रूढ होती.

ही समजूत उलटी झाली ती २००० नंतर. महिंद्रची बोलेरो २००० मध्ये आणि स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली. जीपचा मजबूतपणा व मोटारीचा आराम एका गाडीत मिळू शकतो, हे ग्राहकाला पटले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी दुष्काळी भागात पोहोचले, तासगावच्या द्राक्षांना दूरच्या बाजारपेठा मिळाल्या. खानापूर, आटपाडी, खटाव परिसरातील गलाई कारागीर सोन्या-चांदीच्या व्यवसायानिमित्त केरळपासून बंगालपर्यंत स्थिरावले. यात्रेला आणि लग्नकार्याला सहकुटुंब गावी येताना शेवटचे चार-पाच कि. मी. अनेकदा अरुंद, खडबडीत रस्त्याचे असतात. साहजिकच मोटार निवडताना शहरातील रस्त्याइतकाच गावच्या पाणंदीचाही विचार होऊ लागला.

दीड इंचाचा प्रश्न

गाडीचा तळ आणि जमीन यांतील अंतर ही येथे कळीची गोष्ट ठरते. मारुतीच्या डिझायर या सेडानमध्ये हे अंतर १६३ मि. मी. आहे, तर त्याच कंपनीच्या ब्रेझा या उंच गाडीत १९८ मि. मी. फरक जेमतेम दीड इंचाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक १० सें. मी. उंच आणि ३.७ मीटर रुंद असावयास हवा. प्रत्यक्षात गावोगावी तो अरुंद आणि अधिक उंच बांधलेला आढळतो. पाच माणसे व सामान भरल्यावर सेडानचा तळ खाली येतो आणि अशा गतिरोधकावर घासतो. पावसाळ्यात ऊसवाहतुकीच्या वाटेवर जी चाकोरी पडते, तिच्या मधल्या उंचवट्यावरही तोच अनुभव येतो.

दुसरे कारण बसण्या-उठण्याचे. सेडानमध्ये वाकून खाली बसावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर भार देऊन उठावे लागते. उंच गाडीचे आसन साधारण खुर्चीच्या पातळीवर येते. घरातील वयोवृद्ध मंडळींना, विशेषतः नऊवारी नेसणाऱ्या आजींना, ही सोय मोलाची वाटते. चालकालाही पुढचा रस्ता अधिक दूरवर दिसतो.

चार मीटरची मर्यादा

तथापि, केवळ ग्राहकाच्या आवडीने एवढा मोठा बदल झाला नसता. त्याला करपद्धतीनेही दिशा दिली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. लहान मोटारीची व्याख्या अशी करण्यात आली की, तिची लांबी ४ मीटरपेक्षा अधिक नसावी आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घन सें. मी.पर्यंत असावे.

या व्याख्येत लांबीला मर्यादा आहे, उंचीला नाही. सेडानची डिकी लांबीतच सामावते. ४ मीटरच्या आत बसवावयाची तर डिकी आखूड करावी लागते, अथवा मागच्या प्रवाशांची जागा कमी करावी लागते. २००८ मध्ये आलेली टाटांची इंडिगो सी. एस. आणि २०१२ मध्ये आखूड केलेली डिझायर ही या कसरतीची उदाहरणे होत. उंच गाडीला मात्र ही अडचण कमी भासते. प्रवासी ताठ बसल्यामुळे पाय ठेवण्यास कमी लांबी लागते आणि सामान उभे रचता येते. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये, मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्ये आणि टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये आली. तीनही ४ मीटरच्या आतील.

वस्तू व सेवा कराच्या २०१७ मधील रचनेत मोठ्या उंच गाड्यांवर उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे तत्सम सेडानपेक्षा किंचित अधिक कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्या मोटारींवर सरसकट ४० टक्के अशी रचना लागू झाली. त्यामुळे मोठ्या सेडानला करात मिळणारा जो थोडाफार लाभ होता, तोही राहिला नाही.

एक सांगाडा, दोन गाड्या

कारखानदाराचा हिशेब याहून वेगळा आहे. जुनी जीप मालट्रकप्रमाणे स्वतंत्र चासीवर उभी असे. आजच्या बहुतेक क्रॉसओव्हर गाड्या मोटारीच्याच सांगाड्यावर उभारलेल्या असतात. फक्त बांधा उंच असतो. पुण्यापलीकडील चाकण येथे स्कोडा आणि फोक्सवॅगन यांनी एकाच मूळ सांगाड्यावर २०२१ मध्ये कुशाक व टायगुन या उंच गाड्या आणि २०२२ मध्ये स्लाव्हिया व व्हर्टस या सेडान काढल्या. सांगाडा, इंजिन व यंत्रसामग्री बहुतांशी समान असल्याने एका गाडीचा उत्पादनखर्च दुसरीपेक्षा फार वाढत नाही. ग्राहक मात्र उंच गाडीसाठी अधिक पैसे देण्यास तयार असतो. कारखान्याची क्षमता मर्यादित असेल, तर ज्या गाडीत नफा अधिक तिलाच प्राधान्य मिळणार, हे उघड आहे.

अमेरिकेत हेच अधिक ठळकपणे घडले. तेथे १९७५ च्या कायद्याने मोटारींना इंधनबचतीचे बंधन आले. जीपसारख्या अनेक गाड्या मात्र 'हलके मालट्रक' या वर्गात मोडल्याने त्यांचे निकष सौम्य राहिले. परिणामी कारखानदार त्या वर्गाकडे वळले. एप्रिल २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेत सेडान बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. २०२४ च्या अखेरीस जनरल मोटर्सने शेव्हरले मालिबूचे उत्पादन थांबविले.

उंचीची किंमत

या सोयीची किंमतही मोजावी लागते. समान शक्तीच्या सेडानपेक्षा उंच गाडी बहुधा जड असते आणि हवेचा अधिक विरोध सहन करते. त्यामुळे इंधन अधिक जळते. महामार्गावरील वेगात आणि खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली यांसारख्या घाटांच्या चढणीवर हा फरक जाणवतो. गुरुत्वमध्य वर असल्याने वळणावर गाडी अधिक कलते. उंच बसल्यामुळे वेग कमी भासतो आणि चालक नकळत जोरात जातो, ही गोष्ट घाटात विसरून चालणार नाही.

पादचाऱ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. सेडानचे उतरते बोनेट पादचाऱ्याच्या पायांवर आदळते. उंच व सपाट तोंडाची गाडी छातीवर अथवा डोक्यावर आघात करते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बोनेटच्या गाड्यांमुळे पादचाऱ्याचा मृत्यू ओढवण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बोनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेने मुले चालत जातात, त्या गावांना हा इशारा लागू पडतो. गाडी अंगणातून मागे घेताना लहान मूल मागच्या काचेतून दिसत नाही. म्हणून उतरून पाहण्याची सवय प्रत्येक चालकाने लावून घ्यावी.

उंच गाडी पुरातून जाते, हाही एक घातक गैरसमज होय. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तेथे ५७ फुटांपर्यंत चढले होते. वाहत्या पाण्याची खोली दोन फूट झाली, तरी बहुतेक मोटारी, उंच गाड्यांसह, तरंगू लागतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कोणतीही असो, थांबणे हेच शहाणपणाचे.

कारखानदारी आणि निवड

या बदलाचा या दोन जिल्ह्यांच्या कारखानदारीशीही संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात कारखाना उभारला. नांगरापासून सुरू झालेली ही ओतकामाची परंपरा पुढे इंजिनांच्या सुट्या भागांपर्यंत आली. पूर्वी साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडत असे. ग्राहक कोणती गाडी घेतो, यावर ओतशाळेत कोणता साचा भरावयाचा हे ठरते. विजेच्या मोटारीला इंजिनच नसते. तेव्हा सेडान की एस. यू. व्ही. यापेक्षा, नव्या गाडीत कोणते भाग लागतील, हा प्रश्न येथील कामगाराच्या भवितव्याच्या दृष्टीने मोठा आहे.

सेडान पूर्णपणे नामशेष झालेली नाही. डिझायर आणि अमेझ आजही धावत आहेत. नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एन. सी. ए. पी.च्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. उंच गाडी म्हणजेच सुरक्षित गाडी, असे समीकरण मांडता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. ऑक्टोबर २०२३ पासून भारतातही अशा चाचण्या सुरू झाल्या आहेत. गाडी घेण्यापूर्वी त्यांचा निकाल अवश्य पाहावा.

डोंगराच्या कुशीतील वाडीवर रोज ये-जा करणाऱ्या कुटुंबाला उंच गाडी ही गरज आहे. सातारा शहरात वा सांगली-मिरजेत कार्यालय, शाळा आणि बाजार एवढाच प्रवास असणाऱ्याने मात्र वर्षातील दोन यात्रांसाठी बारा महिन्यांचा इंधनखर्च आणि कर्जाचा मोठा हप्ता पत्करावा काय, याचा हिशेब करावा. मांडवाबाहेरची रांग पाहून गाडी ठरवू नये. ती घराची वाट, घरातील माणसे आणि घराची मिळकत पाहून ठरवावी.