परदेशी श्वान आणि यवतमाळचा रस्ता



श्वानप्रशिक्षक, पशुवैद्यक, वनकर्मचारी आणि दृष्टिहीन यांची ही परिषद यवतमाळात भरली आहे, तेव्हा सुरुवात राळेगाव-पांढरकवड्याच्या रानापासूनच व्हायला हवी. २०१८ च्या ऑक्टोबरात टी-१ वाघिणीच्या, म्हणजे अवनीच्या, शोधासाठी गोल्फपटू ज्योती रंधावा यांचे केन कोर्सो जातीचे श्वान इथे आणले गेले. जात मूळची इटलीची, राखणीची आणि रानडुकरांच्या शिकारीची. वाघिणीच्या हल्ल्यांत तेरा माणसे दगावल्याचे सांगितले जात होते आणि शेतात एकट्याने जायची सोय उरली नव्हती. अशा वेळी सुचेल तो उपाय करून पाहिला जाणारच. पण श्वानांना काही ती सापडली नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती गोळी लागून मेली.

दोष त्या मुक्या जिवांचा नाही. मुलूख नवा, काम नवे, सोबतची माणसेही अनोळखी. कुत्रा चार दिवसांत आणता येतो. त्याच्यामागची विद्या तशी येत नाही.

ती कशी येते, हे अंधांच्या मार्गदर्शक श्वानांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ साली ओल्डेनबर्गला शाळा निघाली. डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये श्वान तयार करत. त्यांनी पॉट्सडॅमची जर्मन शाळा पाहिली आणि १९२७ मध्ये त्यावर लेख लिहिला. तो वाचून नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने त्यांना पत्र धाडले. १९२८ साली तो समुद्र ओलांडून त्यांच्याकडे गेला, शिकला आणि बडी नावाच्या कुत्रीबरोबर परतला. न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या रस्त्यातून तिने त्याला पार नेले तेव्हा बातमीदार पाहत होते. १९२९ च्या जानेवारीत अमेरिकेतली शाळा उभी राहिली.

इंग्लंडची गोष्ट प्रशिक्षकांनी अधिक लक्षात ठेवावी. म्युरिएल क्रुक आणि रोझमंड बाँड या दोघींनी युस्टिसबाईंकडून विल्यम डेबेताझ हा प्रशिक्षक उसना मागून घेतला. १९३१ च्या ऑक्टोबरात वॉलसीला पहिल्या चार अंध व्यक्ती आपापल्या श्वानांसह तयार झाल्या. डेबेताझ गेल्यावर १९३३ मध्ये निकोलाय ल्याखॉफ आले आणि तिथेच रुजले. म्हणून ते काम टिकले.

या विद्येचा सगळ्यात अवघड धडा आज्ञा मोडण्याचा आहे. कुत्रा मालकाच्या डाव्या बाजूने चालतो. हार्नेसची ताठ मूठ मालकाच्या हातात असते आणि तिच्यातून कुत्र्याचे वळणे, थबकणे त्याला कळते. वाट मालकाला ठाऊक असावी लागते. रस्ता ओलांडायची वेळ कानाने ओळखून ‘चल’ म्हणायचे तेही त्यानेच. पण गाडी अंगावर येत असेल तर कुत्र्याने हलायचे नाही, हुकूम कितीही वेळा आला तरी. नेहमी ऐकणाऱ्या जनावराला नेमके कधी ऐकायचे नाही हे शिकवायला महिने लागतात. मग त्या नकारावर विश्वास ठेवायला मालकालाही शिकवावे लागते. हे पुस्तक वाचून येत नाही. जाणत्याच्या शेजारून चालत शिकावे लागते.

आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणायला जागा नाही. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात शिकारीचा माल हुंगून काढणारे श्वान तयार झाले आहेत. वन्यजीवांसाठीचा हा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. त्यात वनखात्याचे हँडलर श्वानासोबतच महिनोन् महिने शिकतात आणि जोडीनेच कामावर रुजू होतात.

मार्गदर्शक श्वान यवतमाळात आणायचा तर प्रश्न इथले आहेत. दत्त चौकात पदपथाची कड शोधून थांबायचे म्हटले, तर आधी ती कड मोकळी हवी. गल्लीतली मोकाट कुत्री अंगावर येतील. मे महिन्यात दुपारी डांबरावर पंजे भाजतील, म्हणून फिरणे सकाळ-संध्याकाळीच बसवावे लागेल. डोक्याला लागेल अशी लोंबती तार आणि रस्त्यात आडवी बसलेली गाय या दोन्हींचा सराव हवा. हा अभ्यासक्रम परदेशात तयार मिळणार नाही.

म्हणून परिषदेपुढे सूचना अशी : श्वान विकत आणण्याआधी विदर्भातले दोन तरुण प्रशिक्षक एखाद्या नामांकित परदेशी शाळेत पूर्ण प्रशिक्षणासाठी पाठवावेत आणि तिथला एक प्रशिक्षक उन्हाळ्यासकट वर्षभर इथे राहावा. आपल्या रस्त्यांवर त्यालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अभ्यासक्रमाच्या समितीत दृष्टिहीन सभासद निम्मे असावेत, आणि त्यांची नावे आजच्या दुपारच्या सत्रातच ठरावीत.